फ्लॉरेन्सची 'अस्सल' चामडी बॅग : २९० युरो पाण्यात

किंमतीच्या चिठ्ठीवर ४९० युरो, घासाघीस करून २९०. सान लोरेन्झो बाजाराच्या बाजूच्या गल्लीतलं दुकान, भिंतीवर 'वेरा पेल्ले' म्हणजे अस्सल चामडं अशी पाटी. मे महिन्यात घेतलेली हँडबॅग जुलैअखेरीस पट्ट्याच्या घडीवर सोलायला लागली. आत चामडं आहे, पण कातडीचा खालचा, भुसभुशीत थर, आणि त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पापुद्रा. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत असा लेप सुटत जातो.

माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगते, कारण तीच गोष्ट मला आजही झोंबते. मी दुकानदाराला चामड्याची कापलेली कड दाखवायला सांगितली. कड म्हणजे चामड्याची कुंडली. वरपासून खालपर्यंत तंतू एकसंध दिसले तर ठीक, वर वेगळी चकचकीत रेघ दिसली तर लेप. त्या बॅगेच्या प्रत्येक कडेवर जाड रंग थापलेला होता. उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने लायटर काढला, ज्योत बॅगेवरून सर्रकन फिरवली आणि 'बघा, जळलं नाही' म्हणाला. मी कड विसरले! क्षणभराच्या ज्योतीने चांगला लेपही जळत नाही, त्यामुळे लायटर निघाला की दुकानातून बाहेर पडा. वासावरही जाऊ नका, चामड्याचा वास फवारता येतो. कोल्हापुरी चपला आणि धारावीतलं लेदर मी वर्षानुवर्षं पारखून घेते, म्हणजे मला काही कळत नव्हतं असं नाही. पण तिथे कच्चं चामडं समोर उघडं असतं. इथे सगळं शिवून, रंगवून, अस्तर लावून बंद केलेलं होतं.

अंगठ्याने दाबा: अस्सल वरच्या थरावर बारीक सुरकुत्या पसरतात, प्लॅस्टिक नुसतं खोल जातं. आतल्या खिशाची शिवण उलटून कड दिसते का बघा.

इटलीच्या २०२० च्या ६८ क्रमांकाच्या कायद्यानुसार वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला नुसतं 'पेल्ले' म्हणता येत नाही. कायदा आहे, पण माझ्यासारखीच्या बॅगेचा लेप मोजणार कोण?

पैसे देताना दुसरा फटका. मशीनवर युरो की रुपये असं विचारलं होतं, त्याने स्वतःच रुपये दाबलं. २८,१३० रुपये गेले, म्हणजे युरोला ९७. त्या दिवशीचा दर ९१ च्या आसपास होता, युरो दाबलं असतं तर २६,३९० रुपये झाले असते. १,७४० रुपये एका बटणाचे. मशीन आपल्या हातात घ्या, युरोच दाबा.

आणि टॅक्स-फ्री! 'तुमची सूट म्हणजेच टॅक्स-फ्री' असं सांगून त्याने फॉर्म दिलाच नाही. हे धादांत खोटं. ७० युरोंवरच्या खरेदीवर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला कराचा परतावा मागता येतो. २९० मध्ये २२ टक्के कर म्हणजे ५२.३० युरो होते, परतावा देणाऱ्या एजन्सीचं शुल्क वजा होऊन त्यातले बरेच परत आले असते. हातात फक्त कार्ड मशीनची चिठ्ठी होती. ती पावती नव्हे. करासह खरेदीची पावती, 'दोकुमेंतो कोम्मेरचाले', मागितल्याशिवाय दुकान सोडू नका.

तक्रारीची तऱ्हा ऐका. ऑगस्टमध्ये इटलीतल्या पोलिसांना लिहिलं तर हा दिवाणी वाद आहे असं उत्तर. युरोपीय ग्राहक केंद्र म्हणालं, आम्ही युरोपात राहणाऱ्यांनाच मदत करतो. दुकानाने ईमेलला उत्तरच दिलं नाही. माझ्या बँकेने तर कहर केला. 'पिन तुम्हीच टाकला ना?' हो, टाकला! मी कार्डचोरीची तक्रार करतच नव्हते. सांगितलं तशी वस्तू मिळाली नाही, हे तक्रारीचं वेगळं कारण असतं. पण त्यांनी तक्रार 'अनधिकृत व्यवहार' म्हणून नोंदवली, ४१ दिवस लोळवली आणि फेटाळली. या कारणासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, त्यातले ४१ त्यांनी गिळले. तुम्ही लेखी देताना कारण स्वतः लिहा, सोललेल्या कडेचे फोटो आणि दुकानातल्या पाटीचा फोटो जोडा. पाटीचा फोटो मी काढला नव्हता. ३० दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझी तक्रार आता तिथे आहे.

ज्यांना फ्लॉरेन्सहून चामडं आणायचंच आहे त्यांनी तिथल्या सांता क्रोचे चर्चच्या आवारातली स्कुओला देल कुओयो, म्हणजे चामडेकामाची शाळा, बघावी. १९५० पासूनची ही शाळा, तिथे कारागीर काम करताना दिसतात. झाडांच्या अर्कात कमावलेल्या तस्कनी चामड्याला तिथल्या उत्पादक संघाचं क्रमांक असलेलं प्रमाणपत्र असतं. दुकानदार त्याला 'तेच ते, कशाला हवं' म्हणाला, तर त्याच्याकडे ते नाही.