खानापूरच्या माळावरील आकाशदर्शन : एक अभिप्राय
खानापूर तालुक्यातील एका माळावर चैत्रातल्या रात्री मराठीतून झालेल्या आकाशदर्शनाला मी उपस्थित होतो. हस्त नक्षत्राच्या भागातील, एकमेकींत मिसळणाऱ्या अँटेना दीर्घिका (ताऱ्यांचे व वायूचे प्रचंड समूह) दुर्बिणीतून धूसर डागासारख्याच दिसल्या. विवेचन मात्र फार मोलाचे होते. अशा टकरीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, परंतु थंड वायूचे ढग दाबले जाऊन नवे तारे जन्मतात आणि त्यांतील अल्पायुषी, जड ताऱ्यांच्या स्फोटांनी भोवतालचा वायू लाखो अंशांपर्यंत तापतो, हे निवेदकांनी सावकाश उलगडले. हाच वायू १९९९ साली अवकाशात सोडलेल्या नासाच्या चंद्रा दुर्बिणीने क्ष-किरणांत टिपला आहे. त्या चित्रांतील रंग कृत्रिम असतात, हे सांगायचे राहिले, ही मला मोठी उणीव वाटली. बेळगावहून येणाऱ्यांनी मुलांना अवश्य सोबत आणावे.