जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आणि कागदपत्रांसाठी ई-मेल : काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझे टंकलेखनाचे काम दोन भाषांत चालते. सरकारी कचेरीत द्यायचे अर्ज कन्नडमध्ये, तर वाचनालयाची पत्रके, प्रश्नपत्रिका आणि मंडळांच्या निमंत्रणपत्रिका मराठीत करून द्याव्या लागतात. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा चिपची सोय माझ्या लॅपटॉपमध्ये नव्हती. चार जीबी रॅमचे, पण अजून धडधाकट असलेले यंत्र अडगळीत टाकणे मला पटेना, म्हणून त्यावर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घेता येतो. ही पायरी कोणीही गाळू नये.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे टायपिंग. सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड असे दोन इन्स्क्रिप्ट लेआउट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळफलकाच्या रचना, जोडले की वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. इन्स्क्रिप्टची रचना भारतीय लिप्यांना समान असल्यामुळे ज्या कळीवर मराठी ‘क’ येतो तिच्यावरच कन्नड ‘क’ येतो, आणि एका भाषेत बसलेला हात दुसऱ्या भाषेतही फारसा अडखळत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अर्जात रोज येतो. त्यातला ‘ऱ्या’ काढण्यासाठी शिफ्ट धरून ‘र’ची कळ, मग हलन्त, मग ‘य’ आणि काना, एवढेच करावे लागते. सीमाभागात दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढ्यासाठी तरी इन्स्क्रिप्ट शिकावे, असे मला मनापासून वाटते.

अडचणीही खऱ्या आहेत. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी सांकेतिक पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमधील जुन्या फाइली तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांसारख्या दिसतात, आणि पानांची मांडणी करणारे पेजमेकर हे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनवलेलेच नाही. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अर्ज आणि प्रश्नपत्रिका उत्तम होतात. पण छापखान्यातून पेजमेकरच्याच फाइलची मागणी येत असेल, तर विंडोजचे एक यंत्र जवळ ठेवणेच शहाणपणाचे. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यात बराच वेळ गेला.

तयार कागद मी स्वतःलाच मेल करून साठवतो. ही कल्पना नवी नाही. जीमेल २००४ मध्ये एक जीबी जागेसह आले, त्याच वर्षी रिचर्ड जोन्स यांनी जीमेलएफएस हा प्रोग्रॅम लिहून ती जागा लिनक्समध्ये डिस्कसारखी वापरून दाखवली होती. मी इतका खटाटोप करत नाही. नीट विषय लिहून पाठवतो आणि लेबल लावतो. मात्र विषय लिहिताना एक पथ्य पाळावे लागते. शोध पूर्ण शब्दावर चालत असल्यामुळे ‘उताऱ्याची प्रत’ असा विषय दिला तर ‘उतारा’ शोधून ती मेल हाती लागेलच, याची खात्री नसते. म्हणून मी ‘उतारा, गाव, आडनाव, वर्ष’ असे मूळ रूपातले शब्द एकापुढे एक लिहितो. मराठीच्या विभक्तिप्रत्ययांमुळे हे पथ्य इंग्रजीपेक्षा आपल्याला जास्त गरजेचे आहे.

दुरुस्त होत राहणाऱ्या मजकुरासाठी मात्र मेल सोयीची नाही. जुन्या जोडपत्राच्या जागी नवे ठेवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रुफाची वेगळी प्रत साचते. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसह मिळून आहे, आणि एका मेलमधील जोडपत्रांना २५ एमबीची मर्यादा आहे. शिवाय मेलमधून जाताना फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून मर्यादेजवळची फाइल दुसऱ्या सेवेकडून परत येऊ शकते. चालू काम त्यामुळे मी लॅपटॉपवरच ठेवतो आणि मेलमध्ये केवळ अंतिम पीडीएफ पाठवतो.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात. त्यावर थंडरबर्ड या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅमचा उपयोग झाला : आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरील मेलशी जुळवून घेणाऱ्या पद्धतीने, जोडलेल्या खात्यातील मेल तो लॅपटॉपवर उतरवून ठेवतो, म्हणून नेट नसतानाही जुना अर्ज उघडता येतो. ती प्रत बॅकअप मात्र नव्हे, कारण खात्यातून काढलेली मेल तिथूनही जाते. त्यासाठी वेगळी हार्डडिस्क हवीच. लोकांच्या आधार कार्डाच्या प्रती मी खात्यात राहू देत नाही. काम होताच त्या काढतो आणि ट्रॅशही लगेच रिकामा करतो, एरवी त्या तिथे आणखी ३० दिवस पडून राहतात.