अंगणातले दिवे: नऊ महिने आणि कोकणातला एक पावसाळा

फेब्रुवारीत चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या अंगणात दिवे लावले. हौस थोडी, गरज जास्त. फाटकापासून पडवीपर्यंत २२ मीटरची पायवाट, आणि आमच्या भागात फुरसं. रात्री बॅटरी विसरून चालत नाही.

वाटेच्या कडेला १२ व्होल्टचे, ५ वॅटचे आठ एलईडी रोवले. त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे १२ करणारी डबी, पडवीत भिंतीवर. फाटकाच्या खांबांवरचे दोन दिवे मात्र थेट २३० व्होल्टचे. दिव्यांविषयी तक्रार नाही. आयपी ६५ चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारे घेतले होते. त्यातल्या एकाच्याच काचेत पाणी शिरलं, तोही पागोळ्यांखालचा. उजेड पिवळसर, ३००० केल्विनचा. सासूबाईंना तो आधी 'आजारी' वाटला होता. पण जूनमध्ये शेजारच्या पांढऱ्याफेक दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडला आणि आमच्याकडे मोजकीच आली, तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही. आठही दिवे रोज चार तास लावले तरी महिन्याला पाच युनिटं होत नाहीत.

पहिली चूक माझी. पैसे वाचवायला १ एमएमची वायर आणली. पडवीजवळचा दिवा लख्ख आणि फाटकाजवळचा मरगळलेला. मल्टिमीटर लावला तर शेवटच्या दिव्याला जेमतेम साडेदहा व्होल्ट. १२ व्होल्टला करंट जास्त लागतो, त्यामुळे बारीक वायर लांब नेली की व्होल्टेज वाटेतच गळतं. अडीचची वायर टाकल्यावर तिथे साडेअकरा मिळू लागले.

खरी परीक्षा जुलैत. जोराची सर आली की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, पडायची आणि घरभर अंधार. फाटकाची लाइन टाकणारा वायरमन आला आणि सहज म्हणाला, "ताई, ही पावसाळ्यात त्रासच देते. काढून टाकतो, नुसता एमसीबी ठेवू." मी नको म्हटलं. एमसीबी करंट फार वाढला तरच वीज तोडतो, वायर वाचवतो; ओल्या पायांनी लोखंडी फाटक उघडणाऱ्या माणसाचं काय? ती पडतेय म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत जातोय, एवढं तरी कळतंय.

२३० ची लाइन सोडवून पाहिली तर आरसीसीबी टिकली. मग जास्वंदीखाली खणलं. वीतभर खोलीवर प्लॅस्टिकची डबी, अर्धी गढूळ पाण्याने भरलेली, आणि आत काळ्या टेपने गुंडाळलेला जोड. टेप बोटानेच सुटली. खाली तांबं हिरवं पडलेलं. केबल कमी पडली म्हणून त्याच बहाद्दराने तिथे जोड दिला होता, मला न सांगता.

दुसऱ्या वायरमनकडून काम नव्याने करून घेतलं. लायसन्स आधी पाहिलं. बोर्डापासून खांबापर्यंत आर्मर्ड (पोलादी कवचाच्या) केबलचा एकच अखंड तुकडा, दोन फूट खोल, वर वाळू आणि विटांची रांग. जोड फक्त खांबावरच्या डबीत, केबल खालून ग्लँडमधून, म्हणजे तिच्याभोवती घट्ट बसणाऱ्या तोंडातून, आत घेतलेली. खांबावरच्या दिव्यांना अर्थिंग. आणि बाहेरच्या लाइनला वेगळी आरसीसीबी, म्हणजे ती पडली तरी घरात उजेड राहतो. खर्च दिव्यांपेक्षा जास्त आला. महिन्यातून एकदा मी त्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबते.

सप्टेंबरात गड्याने सोनटक्क्यासाठी पहार घातली आणि ती विटेवर ठण्णकन वाजली. तिथून केबल गेलीय हे तो विसरला होता. मीही.