राजारामपुरीतला व्याकरणवर्ग : षष्ठी छान, पुस्तिका मात्र सदोष

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत माझे फलक आणि पत्रिका छापण्याचे दुकान आहे. गेल्या वर्षी एका कापड दुकानदाराला फलक करून देताना 'मेन्स वेअर' आणि 'लेडीज वेअर' या दोन्ही ठिकाणी मी अ‍ॅपॉस्ट्रॉफी (अक्षराच्या वर येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) 'एस'च्या आधी टाकली. त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने फलक लागला त्याच दिवशी चूक दाखवली आणि दुसऱ्या छपाईचा खर्च माझ्या अंगावर पडला. त्यानंतर राजारामपुरीतल्या एका संध्याकाळच्या इंग्रजी व्याकरणवर्गात मी नाव घातले.

वर्गातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नामाच्या षष्ठीला, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या रूपाला, दिलेले दोन पूर्ण दिवस. बाईंनी पहिल्या दिवशी नियम सांगितलाच नाही. त्यांनी फळ्यावर 'मुलाचे वसतिगृह' आणि 'मुलांचे वसतिगृह' असे लिहिले आणि फरक कुठे आहे, एवढेच विचारले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून वसतिगृहे उभी राहिलेल्या गावाला हे उदाहरण शोभलेही. आपल्याकडे एक आहे की अनेक, हे 'ला'वरचा अनुस्वार सांगतो आणि तो कानालाही कळतो. इंग्रजीत मात्र 'बॉइज' हा उच्चार अनेकवचनाचा, एकाच्या मालकीचा आणि अनेकांच्या मालकीचा असा तिन्ही अर्थांनी सारखाच राहतो, म्हणून अनुस्वाराचे काम तिथे चिन्हाच्या जागेवर येऊन पडते. 'एस'च्या आधी चिन्ह असेल तर वसतिगृह एका मुलाचे, नंतर असेल तर अनेकांचे. 'मेन' हे 'एस' न लागताच अनेकवचन झालेले असते, त्यामुळे तिथे आधी चिन्ह आणि मग 'एस' येतो; 'लेडीज'मध्ये अनेकवचनाचा 'एस' आधीच असल्याने चिन्ह त्याच्या मागे जाते. माझा फलक नेमका इथेच फसला होता.

भावाचा सदरा, भावाची टोपी, भावाचे घर अशी आपली षष्ठी वस्तूचे लिंग पाहून बदलते, इंग्रजीची बदलत नाही, हेही त्यांनी चांगले समजावले. दोघांचे मिळून एक दुकान असेल तर चिन्ह फक्त शेवटच्या नावाला आणि दुकाने वेगळी असतील तर दोन्ही नावांना, हा नियम तर मी तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टिपून घेतला. 'पाटील अँड सन्स'मधल्या 'सन्स'ला चिन्ह लागत नाही, कारण तिथे मालकी दाखवलेलीच नसते, हे मात्र मलाच विचारावे लागले; आमच्या धंद्यात ही चूक महिन्यातून एकदा तरी येते.

आता तक्रार. तीनशे रुपये वेगळे घेऊन दिलेल्या छापील पुस्तिकेत 'त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'ला दोन ठिकाणी अ‍ॅपॉस्ट्रॉफी आहे. ती फक्त 'इट इज' किंवा 'इट हॅज'च्या संक्षेपाला लागते. षष्ठी शिकवणाऱ्या पुस्तिकेत हीच चूक असावी, हे मुद्रक म्हणूनही मला सहन झाले नाही. 'तेजस'सारख्या 'एस'ने संपणाऱ्या नावापुढे नुसते चिन्ह दिले म्हणून एका मुलाचा गुण कापला गेला, तेही मला पटले नाही. अमेरिकेतल्या शिकागो शैलीपुस्तिकेत चिन्हानंतर आणखी एक 'एस' देतात, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीत अशा विशेषनामांना नुसते चिन्ह पुरते. दोन्ही रूपे छापील इंग्रजीत सर्रास आढळतात. पुढच्या तासाला मी हे निदर्शनास आणल्यावर बाईंनी गुण परत दिला, पुस्तिका मात्र अजून तीच वाटली जाते.

नाव घालणाऱ्यांनी वर्ग जरूर करावा, पण पुस्तिका विकत न घेता फळ्यावरचे वहीत उतरवून घ्यावे. मागच्या दोन बाकांवरून फळ्यावरची अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिसत नाही, तेव्हा दहा मिनिटे आधी पोहोचलेले बरे.