टोपोशीटचं कपाट: ठेवावं, स्कॅन करावं की 'नक्शे'वर भागवावं?

भूगोल विभागाला जागा कमी पडली की सगळ्यांचा डोळा टोपोशीटच्या, म्हणजे डोंगर, नद्या, गावं तपशिलात दाखवणाऱ्या सरकारी नकाशांच्या कपाटावर. "हे आता फुकट डाउनलोड होतं की," असं कोणीतरी म्हणतंच. म्हणणं अर्धं बरोबर आहे.

हे नकाशे काढणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाने 2017 मध्ये 'नक्शे' पोर्टल काढून 1:50,000 मापाची (1 सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर) ओपन सीरीज, म्हणजे सर्वांना खुली असलेली शीटं पीडीएफमध्ये फुकट दिली. नकाशावाचन शिकवायला तेवढं पुरतं. पण मिळते ती नवी आवृत्ती. कपाटात मैलाला इंच मापाचं जुनं शीट असेल, तर तो वेगळाच ऐवज. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि पळसदेवचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. त्याआधीच्या शीटवर भीमा साधी नदी आहे आणि जुनं पळसदेव काठावर. फोनच्या नकाशात तिथे नुसता निळा रंग. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 1950 च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे 1:2,50,000 चे भारताचे नकाशे खुले ठेवलेत, धरणाआधीचा मुलूख त्यातही दिसतो. मात्र त्या मापात 1 सेंमी म्हणजे अडीच किलोमीटर, वाडीची विहीर त्यात शोधू नये.

स्कॅन म्हटलं की लोक फोन काढतात. 1:50,000 चं शीट आपल्याकडे समास सोडून साधारण 53 बाय 55 सेंमी भरतं. फोटोत कडा वाकतात, घडीची सावली पडते आणि विहिरीशेजारचा बारीक आकडा नेमका तिथेच पुसट होतो. ए4 स्कॅनरवर तुकडे काढून जोडायचा उद्योग मी एकदा केला. जोडावर डोंगराच्या समोच्च रेषा एकमेकींना चुकवून गेल्या. पुन्हा नाही करणार. मोठ्या स्कॅनरवर 400 डीपीआय (इंचाला 400 ठिपके) ठेवलं तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सुमारे 3 मीटर, आणि न दाबलेली टिफ फाइल 300 एमबीच्या वर. कापड चिकटवलेलं किंवा घडीवर फाटलेलं शीट रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका, सपाट काचेचाच शोधा.

एवढं करूनही हाती येतं ते चित्रच. तेच क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चार कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांना टाचलं की उपग्रहचित्रावर पसरता येतं. इथे नवशिके हमखास फसतात. अक्षांश-रेखांश पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजले यावर आकडे बदलतात, आणि जुनी शीटं एव्हरेस्ट या जुन्या संदर्भावर बेतलेली आहेत. कोपऱ्यातले आकडे तसेच डब्ल्यूजीएस 84, म्हणजे आजच्या जीपीएसच्या संदर्भातले म्हणून भरले, की पुण्याजवळ अख्खा नकाशा शे-सव्वाशे मीटर सरकतो. देऊळ रस्त्यापलीकडे जातं आणि कोणीतरी 'जुने सर्व्हेवाले चुकले' असं लिहून मोकळं होतं.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1884 पासूनची आपली छापील टोपोशीटं अशीच स्कॅन करून, स्थान जोडून फुकट दिली आहेत. त्यामुळे तिथला ग्रंथपाल दुबार प्रत निर्धास्त काढून टाकतो. जुन्या शीटांबाबत आपण तसं करू नये, कारण 'नक्शे'वरून जुनी आवृत्ती परत आणता येत नाही.

माझा कौल असा: फक्त वर्गात शिकवायचं असेल तर डाउनलोड करा, हाताळायला छापील एखाददुसरा संच ठेवा, बाकी नव्या दुबार प्रती देऊन टाका. स्थानिक इतिहास, धरणग्रस्त गावं, किल्ले यांवर काम होत असेल तर जुनं एकही शीट हलवू नका आणि स्कॅनची सुरुवात त्यांच्यापासून करा. पैसे नसतील तर आधी यादी. शीट क्रमांक, पाहणीचं वर्ष, आवृत्ती, माप, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, कागदाची अवस्था. माझ्या मते या कामाला स्कॅनपेक्षा जास्त मोल आहे. पूर्वी नकाशा मागणाऱ्याला '47 एफ/14' म्हणजे पुणे हे ठाऊक असावं लागे, नाहीतर आम्ही भिंतीवरचा अनुक्रम-नकाशा (कुठल्या भागाचं शीट कुठल्या क्रमांकाचं ते दाखवणारा) दाखवायचो. आता येणारा गावाचं नाव सांगतो, फार तर फोनवरची खूण दाखवतो. शिवाय ओपन सीरीजमध्ये क्रमांकांची पद्धतच बदलली. कोपऱ्यांचे आकडे नोंदलेले असतील तर जुनं-नवं शेजारी लावता येतं. ग्रंथालयांच्या संगणकी सूचीतल्या मार्क (MARC) नोंदीत त्यासाठी 034 हे क्षेत्र आहेच, आपल्याकडे ते बहुधा रिकामं राहतं.

स्कॅन वेबवर टाकायचे असतील तर थांबा. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं असतो, म्हणून वर्ष बघा. आणि किनारपट्टीच्या अनेक जुन्या शीटांवर 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे वापरावर निर्बंध, असं छापलेलं आहे. ती आधी वेगळी काढा आणि सर्व्हे ऑफ इंडियाला लेखी विचारा.