ओनिवाइड : सलाईन नागपूरला, जुलाब गावी

स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरला आणि जेमसिटाबिन हे केमोचं औषधही चालेनासं झालं, की डॉक्टर ओनिवाइड हे इंजेक्शन सुचवतात. त्यातलं इरिनोटेकान हे केमोचं जुनंच औषध. इथे ते सुमारे 110 नॅनोमीटरच्या चरबीच्या सूक्ष्म गोळीत भरलेलं असतं, म्हणून रक्तात जास्त वेळ टिकतं आणि गाठीपाशी जास्त साचतं. फायदा खरा आहे, पण मोठा नाही. नापोली-1 चाचणीत 5-एफयू (केमोचं औषध) आणि ल्युकोव्होरिन (त्याचा जोर वाढवणारं) यांना याची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, 4.2 वरून 6.1 महिन्यांवर गेलं. वावर गहाण टाकायच्या आधी घरच्यांना हा आकडा कळलाच पाहिजे.

एका कुपीत 43 मिलिग्रॅम. डोस दर 2 आठवड्यांनी, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला 70 मिलिग्रॅम. 1.6 चौरस मीटरच्या माणसाला 112 मिलिग्रॅम, म्हणजे 3 कुप्या, 1.4 च्या बारीक माणसालाही 3च. साधं इरिनोटेकान स्वस्त पडतं, पण त्याचा डोस वेगळा. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, चिठ्ठीवर 'लायपोसोमल' (म्हणजे चरबीच्या गोळीतलं) लिहिलेलं हवंच.

कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. वणी-पुसदला थर्माकोलच्या डब्यातून नेताना ती बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये पुठ्ठा घाला. 500 मिली डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून 90 मिनिटांत द्यायचं, फिल्टर लावायचा नाही. आधी हे, मग ल्युकोव्होरिन, शेवटी 46 तासांचा 5-एफयू पंप.

खरी परीक्षा गावात होते. पहिल्या 24 तासांत घाम, पोटात कळ आणि जुलाब झाले तर उपाय अॅट्रोपिन, ते दवाखान्यातच मिळतं. नंतरचे जुलाब वेगळे, त्यावर लोपेरामाइड. ते किती आणि किती वेळाने घ्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय नागपूर सोडू नका. गोळ्या आणि ओआरएस सोबतच आणा. मे महिन्यात अंगातलं पाणी आधीच उतरलेलं असतं, तिथे एक रात्र वाट पाहणंही महागात पडतं.

ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पांढऱ्या पेशी उतरल्या असू शकतात. पॅरासिटामॉल देऊन सकाळची एसटी पाहू नका, त्याच रात्री निघा. 5-एफयूचा फुग्याचा पंप लावून घरी पाठवलं असेल तर तो उन्हापासून जपा. उष्णतेने औषध पातळ होऊन भराभर जातं. 46 तासांच्या बरंच आधी फुगा रिकामा दिसला तर लगेच फोन करा.