स्लाइड बदलली की गाणं बंद: पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स की सरळ व्हिडिओ?

निवृत्तीचा समारंभ असो की लग्नातला फोटोंचा कार्यक्रम, तक्रार एकच असते: पहिल्या फोटोवर गाणं छान सुरू होतं आणि दुसरा आला की बंद पडतं. मग फाइल खराब आहे असं समजून तेच गाणं पुन्हा डाउनलोड केलं जातं. फाइल बहुधा ठणठणीत असते. पॉवरपॉइंटमध्ये घातलेला आवाज मुळात त्या एकाच स्लाइडपुरता असतो, वेगळं सांगितल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्यामुळे कुठलं साधन घ्यायचं हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारावा: स्लाइड कोण बदलणार, बोलणारा माणूस की घड्याळ?

माणूस बदलणार असेल, तर माझं मत पॉवरपॉइंटला. स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून ‘प्लेबॅक’मध्ये ‘प्ले इन बॅकग्राउंड’ निवडलं की आवाज आपोआप सुरू होतो, स्लाइड बदलल्या तरी चालू राहतो, संपला की पुन्हा लागतो आणि चिन्हही लपतं. दोन गाणी असतील तर मात्र हे बटण पुरत नाही. तेव्हा ‘अ‍ॅनिमेशन पेन’मध्ये त्या गाण्याचे ‘इफेक्ट ऑप्शन्स’ उघडून ते किती स्लाइड्सनंतर थांबायचं तो आकडा घालावा. सगळ्या स्लाइड्सवर वाजायचं असेल तर तिथे ९९९ दिसतो. पहिलं गाणं १२ स्लाइड्सनी थांबवून तेराव्या स्लाइडवर दुसरं लावता येतं. पण मधे कुणी एखादी स्लाइड वाढवली की हिशेब चुकतो. त्यापेक्षा ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गाणी जोडून एकच फाइल करणं सोपं.

एवढं करूनही आवाज मधेच तुटत असेल, तर ‘ट्रान्झिशन्स’मधला ‘साउंड’ बघावा. तयार टेम्प्लेटमध्ये कधी एखाद्या स्लाइडवर ‘स्टॉप प्रीव्हियस साउंड’ लावलेलं असतं, आणि ते आपलं काम चोख करतं!

दुसरा घोळ कॉम्प्युटर बदलल्यावरचा. पॉवरपॉइंट २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत एमपी३ प्रेझेंटेशनमध्ये साठत नसे, फक्त जोडलं जाई. पेनड्राइव्हवर पीपीटी गेली आणि गाणं घरीच राहिलं, असं व्हायचं. २०१० पासून गाणं आतच बसतं, पण जुन्याच फाइलमध्ये भर घालत आलेल्यांना अजून हा अनुभव येतो. खात्री करायची असेल तर पीपीटीएक्स फाइलची एक प्रत काढून तिच्या नावाचा शेवट ‘झिप’ करावा आणि ती उघडून ‘पीपीटी’मधला ‘मीडिया’ फोल्डर बघावा. गाणं तिथे असेल तरच ते तुमच्यासोबत प्रवास करेल.

गूगल स्लाइड्समध्ये हा प्रश्न येत नाही, कारण गाणं गूगल ड्राइव्हवरच, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत असतं. अडचणीही तिथूनच येतात. ज्याच्या खात्यातून कार्यक्रम लावायचा त्याला त्या गाण्याच्या फाइलचीही परवानगी लागते, नुसतं प्रेझेंटेशन शेअर करून भागत नाही. शिवाय चालतं फक्त एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही, आणि ‘स्टॉप ऑन स्लाइड चेंज’वर खूण असेल तर ती काढावी लागते. हॉलमधल्या वायफायवर हे सोपवायला माझा तरी जीव धजावत नाही. अनेकांनी मिळून तयारी करायची असेल तर ते उत्तम, पण कार्यक्रमाच्या दिवशी नको.

स्लाइड घड्याळावर बदलणार असेल, मधे कुणी बोलणार नसेल, तर डोळे झाकून व्हिडिओ. ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’. एमपी४ झालं की आवाज आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत, आणि यजमानांच्या टीव्हीवरही ते पेनड्राइव्हवरून लागण्याची शक्यता भरपूर. फक्त वेळेचं गणित आधी करावं. आपण वेगळं काही ठरवलं नसेल तर प्रत्येक स्लाइडला ५ सेकंद मिळतात, म्हणजे ६० फोटोंना ५ मिनिटं. गाणं ४ मिनिटांचं असेल आणि संपल्यावर पुन्हा लागेल असं ठेवलं नसेल, तर शेवटचे १२ फोटो मुक्याने जातील. आजोबा मधेच ‘थांब, तो फोटो परत दाखव’ म्हणाले तर व्हिडिओ मागे ओढावा लागेल, तेवढं सोसावं.

यातलं काहीही निवडलंत तरी हॉलवर केबल जोडल्यावर आवाज कुठे जातोय ते पाहा. एचडीएमआय लावली की विंडोज अनेकदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं, आणि पुष्कळ प्रोजेक्टरना स्पीकरच नसतो किंवा अगदी क्षीण असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आवाज हॉलच्या साउंड सिस्टिमला जोडलेल्या बाजूकडे परत वळवायला अर्धं मिनिट पुरतं.